जुन्या पोर्श ९११चा एसी थंड का करत नाही : गॅस भरण्याआधी काय तपासावे

पोर्श ९११ या मोटारीच्या १९७४ ते १९८९ या काळातल्या पिढीत इंजिन मागच्या चाकांच्याही मागे बसवलेले असते आणि ते पाण्याने नव्हे, तर पंख्याच्या हवेने व तेलाने थंड होते. या दोन गोष्टी लक्षात घेतल्याशिवाय तिच्या एसीचे दुखणे समजत नाही. नेहमीच्या मोटारीत कॉम्प्रेसर (गॅसचा दाब वाढवणारा पंप), कंडेन्सर (उष्णता बाहेरच्या हवेत टाकणारी जाळी), ड्रायर (ओलावा शोषणारा डबा) आणि कूलिंग कॉइल (आतली हवा थंड करणारी जाळी) हे सगळे भाग पुढच्या बॉनेटखाली आणि डॅशबोर्डामागे एकमेकांच्या शेजारी असतात. या गाडीत मात्र कॉम्प्रेसर मागे इंजिनावर आहे, एक कंडेन्सर इंजिनाच्या झाकणाला आतून जोडलेला आहे, दुसरा गाडीच्या नाकाखाली आहे, ड्रायर पुढच्या डाव्या चाकाच्या कोनाड्यात आहे आणि कूलिंग कॉइल पुढच्या डिकीच्या तळाशी असलेल्या कप्प्यात बसवलेली आहे. या सर्वांना जोडणाऱ्या रबरी नळ्या गाडीच्या पोटाखालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातात आणि पुन्हा परत येतात.

मालकाची तक्रार बहुधा अशी असते, की गाडी पळत असताना एसी बरा चालतो, पण वाहतुकीत अडकले की झरोक्यांतून कोमट हवा येऊ लागते. त्यावर अनेक ठिकाणी एकच उत्तर मिळते : गॅस कमी झाला असेल, भरून टाकू. या उत्तराला माझा ठाम आक्षेप आहे. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो, आणि कमी झाला असेल तर कुठून तरी गळालेला असतो. गळती न शोधता भरलेला गॅस काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा हवेत जातो, आणि गॅस मुळात कमी नसेल तर वरून भरलेला जादा गॅस यंत्रणा आणखी बिघडवतो. म्हणून आधी निदान करावे आणि गॅसचा विचार सर्वांत शेवटी करावा.

निदान करण्यापुरते शास्त्र आपल्या स्वयंपाकघरातच सापडते. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून झिरपलेले पाणी वाफ होऊन उडते आणि उडताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते, म्हणून माठातले पाणी गार होते. कूलिंग कॉइलमध्ये हेच घडते, फक्त तिथे पाण्याऐवजी फार कमी तापमानाला उकळणारा द्रव असतो. वातावरणाच्या दाबाखाली आर-१२ हा जुना गॅस उणे ३० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतो आणि त्याच्या जागी आलेला आर-१३४ए उणे २६ अंशांच्या आसपास. माठातली वाफ वाऱ्यावर निघून जाते. एसीतली वाफ मात्र पुन्हा द्रव करून वापरायची असते, आणि त्यासाठी तिने गोळा केलेली उष्णता बाहेरच्या हवेत टाकावी लागते. बाहेर ४० अंश तापमान असेल तर वाफ त्याहून गरम असल्याशिवाय उष्णता बाहेर जाणार नाही. इथे कुकरचे तत्त्व कामी येते. कुकरमध्ये दाब वाढला की पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते. तसाच कॉम्प्रेसर वाफेचा दाब वाढवतो, त्यामुळे ती ६० अंशांच्या आसपासही द्रव होऊ शकते आणि कंडेन्सरवरून जाणाऱ्या ४० अंशांच्या हवेला आपली उष्णता देऊ शकते. पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून तो द्रव कमी दाबाच्या कॉइलमध्ये सोडला जातो आणि चक्र पुन्हा सुरू होते. थोडक्यात, एसी थंडी तयार करत नाही, तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. त्यामुळे बिघाड शोधणे म्हणजे ही उष्णता वाटेत नेमकी कुठे अडते आहे, हे शोधणे.

तपासणीची सुरुवात चालकाच्या आसनावरूनच करावी, कारण त्यासाठी कोणतेही महाग उपकरण लागत नाही. साधा थर्मामीटर मधल्या झरोक्यात अडकवावा आणि पंखा पूर्ण वेगावर ठेवावा. हवा पुरेशी थंड आहे पण तिचा झोत क्षीण आहे, की झोत जोरदार आहे पण हवाच कोमट आहे, हा पहिला फरक आहे, आणि या दोन तक्रारींची कारणे पूर्णपणे वेगळी आहेत. झोत क्षीण असेल तर ब्लोअरची, म्हणजे आत हवा सोडणाऱ्या पंख्याची, झिजलेली मोटर, तिला कमी मिळणारा विद्युतदाब, फुटलेले हवेचे नळे आणि अनेक वर्षांच्या धुळीने व पाल्याने बुजलेल्या कॉइलच्या पात्या यांचा संशय घ्यावा. कॉइलच्या कप्प्यातून पाणी बाहेर नेणारी निचऱ्याची नळी बुजली असेल तर पाणी आतच साचते, कॉइलच्या खालच्या भागावरून हवा जात नाही आणि पुढे गालिच्याला कुबट वास येऊ लागतो.

सुरुवातीला चांगली थंड हवा येते, अर्ध्या तासाने झोत मंदावत जातो, आणि एसी दहा-पंधरा मिनिटे बंद ठेवून पुन्हा लावला की सारे पूर्ववत होते, अशी तक्रार असेल तर कॉइलवर बर्फ धरत आहे, हे जवळजवळ निश्चित समजावे. कॉइल गोठू नये म्हणून या गाडीत एक थर्मोस्टॅट असतो. त्याची केसासारखी बारीक नळी कॉइलच्या पात्यांमध्ये खोचलेली असते आणि कॉइल फार थंड झाली की कॉम्प्रेसरला इंजिनाशी जोडणारा विजेवर चालणारा मॅग्नेटिक क्लच सोडवणे हे त्याचे काम असते. मागच्या एखाद्या दुरुस्तीत ती नळी बाहेर निघाली असेल किंवा मोडली असेल, तर थर्मोस्टॅटला कॉइलचे तापमान कळतच नाही. या बिघाडात गॅसचा काडीचाही संबंध नसतो, आणि तरीही त्यासाठी गॅस भरला जातो.

याच गाडीचे एक खास दुखणे असे आहे, की तिचे हीटर गरम पाण्यावर चालत नाही. एक्झॉस्टच्या नळ्यांभोवतीच्या आवरणातून तापलेली हवा थेट आत आणली जाते आणि ती अडवण्यासाठी गाडीच्या पोटाखाली दोन्ही बाजूंना केबलने उघडणाऱ्या झडपा असतात. चाळीस वर्षांच्या गंजाने त्या झडपा अर्धवट उघड्या राहिल्या किंवा केबल ताणलेली राहिली, तर पुढून थंड हवा येत असतानाच मागून तापलेली हवाही आत येत राहते. एसी उत्तम चालत असूनही गाडी थंड होत नाही, आणि दोष नसलेल्या यंत्रणेवर खर्च होत राहतो. हीटरची कळ पूर्ण बंद करून, गाडी वीस मिनिटे चालवून, पायाजवळच्या आणि दारांजवळच्या हवेच्या वाटांवर हात धरून पाहावा. तिथे ऊब जाणवली तर आधी त्या झडपा मोकळ्या करून घ्याव्यात. ताज्या हवेची कळही बंद ठेवावी, कारण या गाडीतली कूलिंग कॉइल आतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करण्यासाठी योजलेली आहे. बाहेरची तापलेली हवा आत येऊ दिली तर तिचे काम कधीच पुरे होत नाही.

यानंतर वीज तपासावी. एसी लावल्यावर मागच्या झाकणाखालून क्लच बसल्याचा टक्क असा आवाज यायला हवा. तो आला नाही तर क्लचच्या तारेवर किती व्होल्ट पोहोचतात ते मल्टिमीटरने मोजावे. गाडी चालू असताना बॅटरीवर सुमारे १४ व्होल्ट आणि क्लचवर जेमतेम ११ व्होल्ट मिळत असतील, तर मधले व्होल्ट गंजलेल्या जोडांमध्ये वाया जात आहेत. फ्यूजची पेटी पुढच्या डिकीत आणि क्लच गाडीच्या पार मागे असल्यामुळे या विजेला लांबचा प्रवास करावा लागतो. त्या काळच्या फ्यूजांची टोके उघड्या धातूची असतात आणि ती पकडणाऱ्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो. फ्यूज शाबूत दिसतो, पण वीज नीट वाहत नाही. फ्यूज काढून ती टोके आणि पट्ट्या घासून स्वच्छ करणे हे काही मिनिटांचे काम आहे आणि त्याने ब्लोअरचा वेगही वाढू शकतो. पुढच्या कंडेन्सरचा पंखा फिरतो आहे की नाही, हे खाली वाकून प्रत्यक्ष पाहावे. आवाजावर विसंबून राहू नये, कारण आतला ब्लोअर आणि तो पंखा यांच्या आवाजात गल्लत होते. क्लचला वीज नीट मिळत असूनही तो गरम झाल्यावरच सुटत असेल, तर क्लचच्या दोन चकत्यांमधली फट झिजेने वाढली आहे किंवा त्याचे वेटोळे थकले आहे. यंत्रणेत दाबाचा स्विच बसवलेला असेल, तर गॅस फार कमी झाल्यावर तोही क्लचची वीज तोडतो; त्या वेळी स्विचच्या तारा थेट जोडून कॉम्प्रेसर जबरदस्तीने फिरवण्याचा मोह टाळावा, कारण कॉम्प्रेसरला लागणारे तेल गॅसबरोबरच फिरते आणि गॅस नसताना तो कोरडा फिरून खराब होतो.

इतके झाल्यावरच गेज, म्हणजे यंत्रणेच्या कमी आणि जास्त दाबाच्या बाजूंना लावायचे दाबमापक, लावावेत. सकाळी, गाडी रात्रभर सावलीत उभी असताना, इंजिन बंद ठेवून दाब पाहिला तर दोन्ही काटे सारखाच आकडा दाखवतात. हवा ३० अंश असेल तर आर-१२ भरलेल्या यंत्रणेत सुमारे ९३ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच, हे दाबाचे एकक) आणि आर-१३४एच्या यंत्रणेत सुमारे ९७ पीएसआय दिसायला हवेत. आकडा याच्या निम्म्यावर असेल तर द्रवरूप गॅस उरलेलाच नाही. पण आकडा बरोबर आला म्हणजे गॅस पुरेसा आहे, असे मात्र मुळीच नाही. घरातल्या सिलिंडरची शेगडी सिलिंडर संपत येईपर्यंत जवळजवळ सारखीच पेटते, कारण आत थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी त्याच्यावरच्या वाफेचा दाब फक्त तापमानावर ठरतो. एसीतही तेच होते. म्हणून इंजिन बंद असतानाच्या दाबावरून गॅस किती आहे याचा अंदाज बांधणे चूक आहे. तो बाहेर काढून वजन करणे, हा एकच खात्रीचा मार्ग आहे.

इंजिन मिनिटाला १५०० ते २००० फेऱ्यांवर ठेवून घेतलेले दाब अधिक बोलके असतात. बाहेर ३५ अंशांच्या आसपास हवा असताना आर-१३४एच्या निरोगी यंत्रणेत कमी दाबाची बाजू साधारण २५ ते ४० पीएसआय आणि जास्त दाबाची बाजू साधारण २०० ते २५० पीएसआय दाखवते. दोन्ही आकडे कमी असतील तर गॅस कमी आहे. कमी दाबाची बाजू जास्त आणि जास्त दाबाची बाजू कमी, म्हणजे दोन्ही आकडे एकमेकांकडे सरकलेले असतील, तर कॉम्प्रेसरच्या आतल्या झडपा किंवा रिंगा दाब धरत नाहीत. कमी दाबाचा काटा शून्याच्या खाली जाऊ लागला तर वाटेत अडथळा आहे. तो थोडा वेळ चांगला चालून मग एकाएकी खाली जात असेल, तर यंत्रणेत शिरलेले पाणी एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठत असावे. दोन्ही आकडे जास्त असतील तर गॅस जादा भरला आहे, किंवा आत हवा राहिली आहे, किंवा कंडेन्सरला उष्णता टाकता येत नाही.

या गाडीत शेवटची शक्यता सर्वांत महत्त्वाची आहे. मागचा कंडेन्सर ज्या झाकणाला जोडलेला आहे, त्याच झाकणातून इंजिनाचा पंखा हवा ओढतो. इंजिन मंद फिरत असताना तो पंखाही मंद फिरतो आणि हवा कमी येते; शिवाय उभ्या गाडीच्या मागे इंजिनाची स्वतःची धग साचलेली असते. ज्या भागाने उष्णता टाकायची, तो भागच अशा वेळी तापलेला असतो. सिग्नलला येणाऱ्या कोमट हवेचे खरे कारण अनेकदा हे असते. खात्री करून घेण्यासाठी एक सोपी चाचणी आहे : गाडी उभी असताना आणि गेज लावलेले असताना पुढच्या कंडेन्सरवर पाण्याचा बारीक फवारा मारावा. जास्त दाबाचा काटा झरझर खाली आला आणि झरोक्यातली हवा थंड झाली, तर कमतरता गॅसची नसून कंडेन्सरवरच्या हवेची आहे. मागच्या कंडेन्सरवर मात्र पाणी मारू नये, कारण त्याच्या खाली तापलेले इंजिन आणि प्रज्वलनाची विद्युत यंत्रणा असते.

गळतीचा शोध संयमाने घ्यावा लागतो. त्या काळच्या रबरी नळ्यांना आतून गॅस रोखणारे नायलॉनचे अस्तर नव्हते, त्यामुळे त्यांच्या भिंतीतूनच गॅस हळूहळू झिरपतो, आणि या गाडीत अशा नळ्यांची लांबी इतर कोणत्याही सामान्य मोटारीपेक्षा पुष्कळ जास्त आहे. याशिवाय प्रत्येक जोडातली ओ-रिंग, गॅस भरायच्या तोंडातली बारीक झडप आणि कॉम्प्रेसरच्या दांड्याचे सील ही गळतीची नेहमीची ठिकाणे आहेत. जिथे गॅस गळतो तिथे सोबत तेलही बाहेर येते, म्हणून धूळ चिकटून काळपट झालेला जोड आधी पाहावा. त्यानंतर अतिनील प्रकाशात चमकणारा रंग किंवा इलेक्ट्रॉनिक गळतीशोधक वापरावा. आणि यंत्रणा पूर्ण रिकामी झाली असेल तर कोरडा नायट्रोजन भरून साबणाच्या पाण्याने जोड तपासणे हा माझ्या मते सर्वांत भरवशाचा उपाय आहे. पंपाने आतली हवा ओढून केलेला व्हॅक्यूम टिकला म्हणजे गळती नाही, असे मानले जाते, ते अपुरे आहे. व्हॅक्यूममध्ये बाहेरून आत दाब पडतो तो जेमतेम १५ पीएसआय, तर प्रत्यक्ष चालताना आतून बाहेर २०० पीएसआयहून अधिक दाब असतो. गळती बुजवणारे रसायन डब्यातून भरण्याचा सल्ला कोणी दिला तर तो नाकारावा, कारण ते रसायन व्हॉल्व्हमध्येही बसते आणि गॅस काढून घेणाऱ्या यंत्रालाही खराब करते.

आता आर-१२चा प्रश्न. हा गॅस ओझोनच्या थराला अपाय करतो, म्हणून १९८७च्या मॉन्ट्रियल करारानुसार विकसित देशांत त्याचे उत्पादन १९९६च्या आरंभापासून थांबले आणि विकसनशील देशांसाठी १ जानेवारी २०१० ही मुदत होती. अमेरिकेत जुना साठा आजही मिळतो, पण तो विकत घेण्यासाठी तिथल्या स्वच्छ हवा कायद्याच्या कलम ६०९खालील प्रमाणपत्र लागते. ह्यूस्टन, डॅलस किंवा फीनिक्समध्ये राहून अशी गाडी सांभाळणाऱ्या मराठी मंडळींना आर-१२ कायम ठेवणे शक्य आहे. भारतात आर-१३४एकडे वळणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. मात्र हा बदल केवळ दुसरा गॅस भरून होत नाही. ६० अंशांना आर-१२चा दाब सुमारे २०६ पीएसआय असतो, तर आर-१३४एचा सुमारे २२९. म्हणजे आधीच कमी पडणाऱ्या कंडेन्सरवर हा गॅस आणखी भार टाकतो. जुन्या खनिज तेलात आर-१३४ए नीट मिसळत नाही, त्यामुळे ते तेल काढून एस्टर किंवा पॅग हे कृत्रिम तेल घालावे लागते. नळ्या अस्तर असलेल्या घ्याव्या लागतात आणि ओ-रिंगा बदलाव्या लागतात. पैसे मोजकेच असतील तर ते कॉम्प्रेसरवर घालण्यापूर्वी पातळ समांतर वाहिन्यांच्या नव्या धाटणीच्या कंडेन्सरवर आणि त्याच्या चांगल्या पंख्यावर घालावेत, असे मी आग्रहाने सांगेन. स्वस्त पडते म्हणून घरगुती गॅससारखे ज्वलनशील मिश्रण भरू देऊ नये. या गाडीची कूलिंग कॉइल प्रवाशांच्या हवेच्या वाटेत आहे आणि पेट्रोलची टाकीही तिथेच पुढे आहे.

यंत्रणा उघडली की ड्रायर नवा घालावाच, कारण त्यातले ओलावा शोषणारे दाणे उघड्या हवेत लवकर निकामी होतात. नंतर व्हॅक्यूम मारताना घाई करू नये. ३० अंशांना पाणी उकळायला दाब पाऱ्याच्या सुमारे ३२ मिलिमीटरपर्यंत खाली यावा लागतो, आणि त्याहून खाली बराच वेळ ठेवल्यावरच नळ्यांतला ओलावा वाफ होऊन निघतो. इतक्या लांब नळ्यांसाठी पाऊण तास ते एक तास द्यावा. गॅस वजनकाट्यावरच मोजून भरावा. आर-१३४ए भरताना सर्वसाधारणपणे मूळ आर-१२च्या वजनाच्या ८० ते ९० टक्के पुरेसा होतो, आणि बदललेल्या कंडेन्सरनुसार अंतिम आकडा दाब पाहत थोडा थोडा ठरवावा लागतो. ड्रायरच्या काचेतले बुडबुडे नाहीसे होईपर्यंत भरत राहण्याची जुनी रीत आर-१२साठी होती. आर-१३४एसाठी ती वापरली तर गॅस हमखास जादा होतो. हे काम करताना डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे असावेत, कारण द्रवरूप गॅस अंगावर उडाला तर त्वचा आणि डोळे गोठून इजा होते. जुना गॅसही हवेत न सोडता यंत्राने काढून घ्यावा.

यंत्रणा दुरुस्त झाल्यावर अपेक्षा हवामानाप्रमाणे ठेवावी. दमट हवेतले एक लिटर पाणी कॉइलवर गोळा करताना सुमारे २४५० किलोज्यूल उष्णता उचलावी लागते. एक टन क्षमतेच्या एसीची जवळजवळ बारा मिनिटांची सारी शक्ती त्यात जाते आणि त्या शक्तीने हवा एक अंशानेही थंड होत नाही. म्हणून कोरड्या फीनिक्समध्ये चांगला वाटणारा एसी मुंबईत, पणजीत किंवा ह्यूस्टनमध्ये दुबळा वाटू शकतो, आणि तो बिघाड नसतो. बाहेर ३५ अंश असताना, काचा बंद ठेवून वीस मिनिटे चाललेल्या गाडीत मधल्या झरोक्यातून १० अंशांच्या आसपास हवा मिळाली, तर या गाडीच्या मानाने ते काम चांगले झाले असे समजावे. हिवाळ्यातही महिन्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवावा, म्हणजे कॉम्प्रेसरच्या दांड्याचे सील तेलाने ओले राहते. झरोक्यातले तापमान, बाहेरचे तापमान, दोन्ही गेजचे आकडे आणि भरलेल्या गॅसचे वजन हे सगळे त्याच दिवशी गाडीच्या वहीत तारखेसह लिहून ठेवावे, कारण पुढच्या वैशाखात हवा पुन्हा कोमट येऊ लागली तर तुलना करायला हेच आकडे लागतील.